सेलेरीची भीड

इलाम ग्लिकला आयुष्यात एकाच गोष्टीचा गर्व होता, आणि ती म्हणजे आपल्याला कसलाच गर्व नाही. आम्हा आमिश लोकांत, म्हणजे मोटार-वीज वर्ज्य मानणाऱ्या साध्या ख्रिस्ती शेतकऱ्यांत, सगळ्यांच्याच रविवारच्या कोटाला बटणांऐवजी साधे हूक असतात, पण इलामला मनातून वाटायचं की आपले हूक इतरांपेक्षा जरा जास्तच साधे आहेत. नम्रतेत आपला हात अख्ख्या लँकेस्टर परगण्यात कुणी धरणार नाही, याची त्याला खात्री होती.

अशा माणसाने जून महिन्यात रस्त्याकडेच्या मळ्यात सेलेरी लावली, आणि ती चांगली कुंपणापासून कुंपणापर्यंत लावली.

आता सेलेरी म्हणजे काय, तर पानं कोथिंबिरीसारखी आणि देठ अळवासारखे. एका घराला वर्षभर सुपात घालायला कोपऱ्यातला एक वाफा पुरतो. त्याहून जास्त कुणी लावली की येणारा-जाणारा बग्गीतून मान वळवून बघतो आणि समजून चुकतो, की या घरी यंदा मुलीचं लग्न आहे. लग्नाच्या पंगतीत आमच्याकडे सेलेरी शिजवून वाढतात, कच्ची वाढतात, आणि वर काचेच्या बरण्यांत उभी करून टेबलाच्या कोपऱ्यांवर ठेवतात, कारण फुलं ठेवणं ही चैन झाली. लग्न जाहीर होतं ऑक्टोबरात, उपासनेला जमलेल्या मंडळीसमोर. तोवर मुलगी, मुलगा, आईबाप, सगळ्यांच्या तोंडाला कुलूप. मळ्याला मात्र कुलूप लावता येत नाही.

इलामने ती लावली धाकट्या लेकीसाठी, मलिंडासाठी. रुबेन लँट्झची बग्गी वर्षभर एक रविवार सोडून दाराशी उभी राहत होती, मग बापाने काय समजायचं? मुलीला विचारायचं? ते आमच्यात कुणी विचारत नाही. पशुखाद्याच्या दुकानात लोक म्हणायचे, "काय इलाम, यंदा सूप फार पिणार वाटतं!" त्यावर हा खाली बघून म्हणायचा, "लावली आपली थोडी." आणि घरी येईपर्यंत वाटेत घोड्याला दोनदा थोपटायचा.

आमची रविवारची उपासना चर्चमध्ये नाही, पाळीपाळीने घरोघरी होते; सप्टेंबरात ती पाळी ग्लिकांकडे आली. वर्षातून एकदाच येते. घर, गोठा, खिडक्या, सगळं घासूनपुसून ठेवायचं, कारण रविवारी सगळी मंडळी घरात येऊन बसते आणि डोळे घरी ठेवून येत नाही. शनिवारी सकाळी उपासनेची बाकं घरोघरी नेणारी गाडी आली, आणि बाकं उतरवायला आला इलामचा थोरला भाऊ गिडियन.

त्यांच्या बापाने शेत धाकट्या इलामला दिलं, त्याला आता बरीच वर्षं झाली. तेव्हापासून गिडियन भावाशी फक्त हवापाण्याबद्दल बोलायचा, आणि त्यातही पाऊस चांगला झाला की नाराजच दिसायचा. आज मात्र तो मळ्याच्या कुंपणाशी थांबला.

"छान आलीय," तो म्हणाला.

"लावली आपली थोडी."

"थोडी? लग्नाला अख्खं फिलाडेल्फिया शहर बोलावलंयस का?"

"तसं काही नाही रे."

"कान बघ तुझे. बिटासारखे लाल झालेत," गिडियन म्हणाला आणि बाक खांद्यावर घेऊन घरात गेला.

इलाम कॉफी प्यायला मागच्या दाराने आला. धुण्याच्या खोलीत त्याने बूट काढले. पलीकडे स्वयंपाकघरात बायको मॅटी बिटाच्या लोणच्याच्या बरण्या पुसत होती, लग्न झालेली थोरली लेक सेडी मदतीला येऊन खिडक्यांच्या काचा घासत होती, आणि मलिंडा गुडघ्यांवर बसून चुलीला काळं पॉलिश लावत होती.

"उद्या मी रुबेनला होकार देणार आहे," मलिंडा म्हणाली. उद्या दात काढून घ्यायचाय, अशा आवाजात म्हणाली.

सेडीचा हात काचेवर थांबला. "हे तू आम्हाला सांगतेयस की चुलीला?"

"म्हणजे अजून दिलाच नाहीस?" मॅटीने बरणी खाली ठेवली. "अगं बाई, मला वाटलं कधीच झालंय!"

"त्याने विचारलंच मुळी ऑगस्टमध्ये."

"ऑगस्ट?" सेडी म्हणाली. "आणि बाबांनी सेलेरी लावली जूनमध्ये!"

धुण्याच्या खोलीत इलाम काढलेला बूट हातात धरून तसाच राहिला.

"मग विचारल्याबरोबर हो का नाही म्हणालीस?" मॅटीने विचारलं.

"विचार करते म्हटलं."

"तुला तो आवडतो का?" सेडीने विचारलं.

"चांगला आहे."

"पावही चांगला असतो. मी विचारलं, आवडतो का?"

"वाईट काहीच नाही त्याच्यात. घोड्याला मारत नाही. बेसूर गातो, पण हळू गातो."

"मलिंडा!"

मलिंडाने फडकं बादलीत टाकलं. "नाही गं सेडी. नाही आवडत तसा. आम्ही बोलायला बसलो की दोन वाक्यांत सगळं संपतं, मग तो म्हणतो घोडा तहानला असेल. पण आता कुठल्या तोंडाने नाही म्हणू? बाबा रोज संध्याकाळी त्या वाफ्यांतून फिरतात. देठांना माती चढवतात, वाकून वाकून. मी वरच्या खिडकीतून बघते. त्या देठांशी जेवढ्या प्रेमाने बोलतात, तेवढ्या प्रेमाने ते माझ्याशी आजवर कधी बोलले नसतील. सगळ्या मंडळीने मळा बघितलाय. मी नाही म्हटलं तर बाबांनी लोकांत बसायचं कसं?"

खरं सांगायचं तर पहिला विचार इलामच्या मनात आला तो सोमवारच्या पशुखाद्याच्या दुकानाचा. लेकीचा विचार दुसरा आला. आणि पहिला कुठला आला हे लक्षात आल्यावर त्याला स्वतःची अशी लाज वाटली की हातातला बूट खाली पडला.

आवाज ऐकून तिघी वळल्या. दारात इलाम मोज्यांवर उभा होता.

"मी ऐकलं," तो म्हणाला.

"कधीपासून ऐकताय?" सेडीने विचारलं.

"पावापासून... नाही, त्याच्या आधीपासून."

मलिंडाने तोंड फिरवलं आणि चूल आणखी जोरात घासायला घेतली. मॅटीने मात्र लगेच सूत्रं हाती घेतली. "हे बघा, मुलगा गुणी आहे, घर शेजारचं आहे. आवड काय, मागाहून येते. माझी आली."

"कधी आली?" इलामने विचारलं.

"येते अधूनमधून."

एवढ्यात गिडियन दुसरं बाक घेऊन आत आला. चौघांची तोंडं बघून त्याने बाक खाली ठेवलं आणि त्यावरच बसला. सेडीने त्याला दोन वाक्यांत सगळं सांगून टाकलं. सेडीला काही सांगू नका असं सांगायला वेळच मिळत नाही.

गिडियन हसेल, असं इलामला वाटलं. तो हसलाही. पोटभर हसला, डोळे पुसले, आणि म्हणाला, "खेचरं जुंप. दिवस मावळायच्या आत नांगर फिरव. उद्या कुणी विचारलंच, तर सांग कीड लागली."

"आणि उद्याच उपासना! खोटं बोलू?"

"खोटं कुठे? लागलीच आहे कीड. सेलेरीला नाही, तुला."

"काका, नांगरलेला मळा बघून लोक दुप्पट बोलतील," सेडी म्हणाली.

"मग गाईंना घाला," मॅटी म्हणाली. आवड मागाहून येते, हे तिचं म्हणणं एवढ्यातच मागे पडलं होतं.

"दुधाला वास येईल. मग डेअरीचा माणूसही विचारेल, काय झालं," इलाम म्हणाला.

"कुंपणावर चादरी वाळत घालू."

"रविवारी? आई, रविवारी चादरी वाळत घातल्या तर बिशप सेलेरी विसरून चादरींवरच उपदेश करेल."

"तू गप्प बस. तुझ्या लग्नाच्या वेळी याच माणसाने इतकी कमी लावली होती की शेजारून आणावी लागली. त्याचीच भरपाई चाललीय ही."

"म्हणजे माझ्यामुळे झालं?"

"तुम्ही सगळे गप्प बसा!" मलिंडा उभी राहिली. तिच्या गालावर काळं पॉलिश लागलं होतं आणि डोळे भरून आले होते. "मी हो म्हणतेय ना? मग भांडताय कशाला? एवढी चांगली आलेली भाजी कशाला वाया घालवायची?"

आणि ती कोंबड्यांच्या खुराड्याकडे निघून गेली.

मॅटी खिडकीतून लेकीची पाठ बघत राहिली. "अशी चालत नाही ती," मॅटी म्हणाली. "माझ्या लग्नाच्या आधी मी भीत होते, पण अशी नव्हते चालत." आणि मग ती नवऱ्याकडे वळली. "इलाम, तू लावलीस, तू निस्तर."

इलाम गिडियनच्या शेजारी बाकावर बसला. दोघे भाऊ एका बाकावर बसायची ही बापाच्या दफनानंतरची पहिलीच वेळ असावी.

"आपल्यात लग्न बदलून मिळत नाही, इलाम," गिडियन म्हणाला. "बूट मिळतात."

"माहीत आहे."

"मग अडलंय कुठे?"

"लोक हसतील रे."

"हसू देत. शेत तुला मिळालं तेव्हा जो तो माझ्याकडे बघून हसत होता. उपासनेत, लिलावात, आणि घरी माझे केस कापताना माझी बायकोसुद्धा. मेलो का मी?"

"तू माझ्याशी बोलणं मात्र टाकलंस."

"तुझ्याशी बोलणं टाकलं कारण तू एकटाच हसला नव्हतास," गिडियन म्हणाला. "तू कीव करत होतास. हसला असतास तर बरं झालं असतं."

इलामने हाताचे पंजे उलटेसुलटे करून पाहिले. मग तो उठला आणि बायकोला म्हणाला, "मॅटी, सुऱ्या कुठे आहेत? धारवाल्या. दोन दे."

"दोन कशाला?" गिडियनने विचारलं.

"एक तुला. हसायला आलायस, तर वाकही."

दुपारभर दोघे भाऊ वाफ्यांत वाकून सेलेरी कापत होते. अजून महिनाभर तरी ती मातीत हवी होती. देठ बारीक, हिरवेगार, वासाला उग्र. रस्त्याने गेलेली प्रत्येक बग्गी मळ्याशी येऊन हळू झाली. इंग्लिश, म्हणजे आमिश नसलेल्या, पाहुण्यांची एक मोटारही थांबली, आणि आतल्या बाईने दाढीवाल्या भावांची जोडी बघून कौतुकाने हात हलवला. गिडियनने हात हलवला नाही, पण सुरीने बोट मात्र कापून घेतलं.

"लावताना अंतर तरी बरं ठेवलंयस," बोट चोखत तो म्हणाला.

गिडियनच्या तोंडून एवढं म्हणजे फार झालं. इलामची छाती फुगली, आणि कशाबद्दल फुगली हे आठवून तो परत खाली वाकला.

रविवारी सकाळी मलिंडाने रिकामा मळा पाहिला. ती कोंबड्यांचं भांडं हातात घेऊन कुंपणाशी उभी होती. इलाम तिच्यापाशी गेला. रात्रीच त्याने काय बोलायचं ते मनात जुळवलं होतं: बाळ, तुझं मन मोठं आहे, माझीच अक्कल कमी. तोंड उघडलं, तर बाहेर पडलं, "कोंबड्यांना घातलंस का?"

"घातलं."

"बरं."

आणि तो बग्ग्यांचे घोडे सोडायला पळाला. आमच्यातले बाप असेच. आत सगळं असतं, पण दारं फार अरुंद.

उपासना तीन तास चालली. पाहुण्या उपदेशकाने नेमका नम्रतेवर उपदेश केला. एरवी असल्या उपदेशात इलाम हळूच आजूबाजूला बघायचा, की याची गरज कुणाकुणाला आहे. आज तो बुटांकडे बघत राहिला. पुढच्या बाकावर रुबेन बसला होता, मान इतकी ताठ की जणू कुणी मागून कॉलर धरलीय. बायकांच्या बाजूला मलिंडा मांडीवर हात घट्ट धरून होती.

मग बाकं जोडून टेबलं झाली आणि पुरुषांची पहिली पंगत बसली. उपासनेनंतरचं जेवण आमच्याकडे ठरलेलं असतं: पाव, पीनट बटर, चीज, काकडी, बीट, अ‍ॅपल पाय, कॉफी. त्यात कुणी फेरफार करत नाही, कारण एकीने काही नवीन वाढलं की दुसरी त्याहून नवीन वाढेल, आणि मग त्याला अंत नाही. म्हणून इलाम स्वतः आणि मागून गिडियन, दोघं पितळी परातींएवढी भांडी घेऊन आले, आणि जागोजागी हिरव्या सेलेरीचे ढीग लागले, तेव्हा पंगतीतलं बोलणं बंद पडलं.

लग्नाची भाजी, लग्न नसताना. बिशप डॅनने ढिगाकडे पाहिलं, मग खिडकीतून रिकाम्या मळ्याकडे, मग इलामकडे.

"हे काय, इलाम?"

इलाम उभाच होता. स्वयंपाकघराच्या दारात बायकांची गर्दी झाली होती, आणि त्यात सगळ्यात पुढे कॉफीची किटली घेऊन मलिंडा होती.

"खाऊन टाका," इलाम म्हणाला. त्याने एक ढीग बिशपपुढे सरकवला. "खाऊन टाका सगळी. आमच्याकडे यंदा लग्न नाही. मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मी कुणाला विचारलं नव्हतं. मला वाटलं, आणि मी लावली. रस्त्याच्या कडेला लावली, कारण तुम्हाला दिसावी असं मला वाटत होतं. थोडी म्हणायचो, पण थोडी नव्हती. पोरीचा दोष नाही, पोराचाही नाही. जो उतावीळ झाला होता तो हा तुमच्यासमोर उभा आहे."

रुबेनचा बाप जोनाथन लँट्झ पावाला पीनट बटर लावता लावता थांबला होता. बिशपने एक देठ उचलला, मोडला आणि तोंडात घातला. बिशपने घेतला म्हटल्यावर सगळ्यांनी घेतला. सगळी पंगत चावू लागली. कोवळी, कच्ची, कडूजहर भाजी. पण बिशप चावतोय तर थुंकणार कोण? डोळ्यांत पाणी येईपर्यंत सगळे चावत होते.

"कडू आहे," बिशप शेवटी म्हणाला.

"हो. घाई झाली ना."

"इतकी घाई मी माझ्या सहा मुलींच्या वेळी नाही केली," बिशप म्हणाला. "आण, अजून एक दे."

पहिला हसला जोनाथन लँट्झ. मग गिडियन, मग सगळे. दारातल्या बायकाही तोंडाला अ‍ॅप्रन लावून हसायला लागल्या. आमच्या मंडळीत इलाम ग्लिक नावाचे तिघे आहेत, आणि कुठला ते कळायला प्रत्येकाला टोपणनाव लागतं. आमचा इलाम तोवर बापाच्या नावाने 'एबचा इलाम' होता. त्या पंगतीत तो सेलेरी-इलाम झाला, आणि त्याची पतवंडंसुद्धा सेलेरी-इलामचीच म्हणून ओळखली जाणार, यात शंका नाही. कान त्याचे भाजत होते. पण हसणं थांबेना, आणि थोड्या वेळाने आपणही हसतोय असं त्याच्या लक्षात आलं. हे इतकं सोपं असतं, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

मलिंडा मात्र दारात दिसेना. किटली टेबलावर होती आणि ती गेली होती. आपण लेकीला चारचौघांत आणखी लाजवलं, या धास्तीने इलाम तिला शोधत गोठ्यामागे आला, तर तिथे बग्गीच्या दांड्यावर रुबेन बसला होता. इलामला बघून तो ताडकन उठला.

"बस, बस. रागावलास का रे?" इलामने विचारलं. "तू विचारलं होतंस म्हणे."

"नाही, इलामकाका." रुबेनने टोपी काढली, परत घातली. "तिला खरंच हो म्हणायचं नव्हतं?"

"नव्हतं."

रुबेन परत दांड्यावर बसला. त्याने एवढा मोठा श्वास सोडला की घोड्याने मान वर केली.

"मलाही विचारायचं नव्हतं," तो म्हणाला.

"मग विचारलंस कशाला, गाढवा?"

"तुमची सेलेरी बघितली ना." रुबेन अगदी बापुडा होऊन सांगू लागला. "मी यायचो ते... सवय झाली होती. घर शेजारीच आहे, काकूंचा अ‍ॅपल पाय चांगला असतो. मग जुलैमध्ये आई म्हणाली, बघ, त्यांनी सगळा मळा लावलाय, म्हणजे मुलीचं तुझ्यावर मन जडलंय, आता मागे सरलास तर तो भला माणूस लोकांना तोंड कसं दाखवेल? मला पटलं. तुम्ही वाफ्यात वाकलेले दिसायचा रोज. ऑगस्टमध्ये विचारून टाकलं. ती विचार करते म्हणाली, तेव्हा मी रोज प्रार्थना करत होतो, की..." तो थांबला.

"की ती नाही म्हणू दे."

"हो."

खुराड्याच्या बाजूने मलिंडा आली होती आणि कोपऱ्याशी उभी राहून सगळं ऐकत होती. तिचे डोळे लाल होते, पण चेहरा पुष्कळ दिवसांनी मोकळा दिसत होता. "मी आज हो म्हणणार होते," ती रुबेनला म्हणाली.

"कुणासाठी?"

"यांच्यासाठी."

"मीही यांच्याचसाठी," रुबेन म्हणाला.

दोघांनी इलामकडे पाहिलं. नोव्हेंबरात एका मंगळवारी ही दोघं लग्नाला उभी राहिली असती, हे इलामला दिसलं. मग मुलंबाळं, मग म्हातारपण. समोरासमोर बसून एकमेकांना पाव पुढे करत, गप्प. आणि हा त्यांच्या टेबलाशी बसून म्हणत राहिला असता, किती गुणी पोरं, किती शांत घर! त्याने बग्गीचं चाक धरलं.

"आणि मला कुणी सांगितलं असतं का कधी?" त्याने विचारलं.

"नाही, बाबा," मलिंडा म्हणाली. "तुम्ही किती खूश दिसला असतात."